पायलटचा रेडिओ

म्हातारीचं तोंड सकाळपासून चालू होतं. घरापुढून गाडी हलली तेव्हा जे सुरू झालं, ते आता जंगल लागलं तरी थांबायचं नाव नाही.

"अगबाई, केवढा तो ट्रक! आपल्याच अंगावर यायला निघालाय मेला."

म्हाताऱ्यानं गाडी कडेला दाबली. ट्रक धडधडत निघून गेला.

"आणि ती कुत्री बघा. रस्त्याच्या मधोमध बसलीय, माहेरी आल्यासारखी."

गाडी हळू झाली. कुत्री उठली, तिनं आळस दिला, मग उपकार केल्यासारखी बाजूला झाली.

"आई, मध्येमध्ये श्वास घेत चला," मागून सून म्हणाली. "गाडीतला रेडिओ बिघडलाय म्हणून मी उगाच हळहळत होते. घरचा रेडिओ आहे की! याला तर बंद करायचं बटणच नाही."

मुलगा खो खो हसला. नात हसली. म्हाताराही हसला, स्टिअरिंगवर बोटं वाजवत. म्हातारी तेवढी हसली नाही. तिला सवड कुठं होती? पुढं वळण येत होतं.

"आलं गं बाई डाव्या हाताचं वळण. आणि कसलं अवघड आहे!" ती म्हणाली, आणि स्टिअरिंग डावीकडं फिरलं.

आता लपवून काय करायचं? म्हाताऱ्याला दिसत नव्हतं.

अगदीच ठार आंधळा नव्हता. कडेकडेचं दिसायचं. दोन्ही बाजूंची झाडं, रस्त्याची पांढरी पट्टी, शेजारी बसलेल्या बायकोचा हात. पण जिथं बघावं नेमकं तिथंच, मधोमध, कुणी काचेवर अंगठा दाबून धरावा तसा डाग. मागच्या उन्हाळ्यात तो डाग अंगठ्याएवढा होता. या उन्हाळ्यात तळहाताएवढा झाला होता. डोळ्यांच्या डॉक्टरनं दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, आजोबा, आता गाडीला हात लावायचा नाही. डॉक्टरच्या दारातून बाहेर पडल्या पडल्या म्हाताऱ्यानं गाडीला हात लावला.

"तू बोलत राहा," तो म्हणाला होता. "मी चालवतो. कुणाच्या बापाला कळत नाही."

"आणि पोराला सांगायचं नाही?"

"पोराला सांगितलंस तर तुला भिंगरीची शपथ आहे."

भिंगरी म्हणजे नात. एका जागी पाय ठरत नाही म्हणून भिंगरी. तिची शपथ घातल्यावर म्हातारीच्या तोंडाला कुलूपच लागलं. म्हणजे बोलायची ती दिवसभर, पण जे बोलायला हवं ते सोडून.

आणि तिला नवऱ्याची दयाही यायची. जन्मभर बस चालवलेला माणूस. गल्ली त्याला पायलट म्हणायची, सुनेच्या माहेरचे पायलट म्हणायचे. लग्नाच्या गाडीपासून ते तिरडीमागच्या गाडीपर्यंत सगळीकडं यालाच बोलावणं. त्याच्या हातातलं स्टिअरिंग काढलं तर मागं उरणार काय? नुसता खुर्चीवर ठेवलेला सदरा. म्हणून ती रोज गाडीत बसायची, रोज बोलायची, आणि रोज घरी परतल्यावर मनात म्हणायची, आजचा दिवस गेला.

बाजारात जाणं वेगळं आणि डोंगरातली ही सहल वेगळी. मुलानं सुट्टी काढली होती. जंगलं बघायची, तळी बघायची, वाटेतल्या लहान गावांत मुक्काम करायचा. निघताना तो म्हणाला होता, "बाबा, या खेपेला मी चालवतो."

"तू कंप्युटर चालव," म्हातारा म्हणाला होता. "पायलट अजून मेला नाही."

झालं. विषय संपला.

दुपारी एक लहान गाव लागलं. एकच मोठा रस्ता, चौकात बंद पडलेलं घड्याळ, आइस्क्रीमचं दुकान, दुकानापुढं बाकं. भिंगरीनं कपडे बरबटवून घेतले. सुनेनं थर्मासमधला चहा सगळ्यांना ओतून दिला. म्हातारीला चहा जरा कडसर लागला. थर्मासचा वास असेल म्हणून तिनं तो घशाखाली उतरवला, कारण आता पुढं घाट होता आणि घशाला ओल हवी होती.

घाट सुरू झाला तशी एका बाजूला दरडी उभ्या राहिल्या. दुसऱ्या बाजूला काहीच नाही. नुसती हवा.

"उजवीकडं दरी बघा, बाई, बाई, बाई, डोळे फिरतात," म्हातारी म्हणाली, आणि तिचे खरंच फिरले. जीभ जड वाटली. जांभई आली, तिच्या पाठोपाठ दुसरी.

मागं सून आणि मुलगा कुजबुजले. सून फिसकन हसली.

"काय गं?" म्हातारीनं विचारलं.

"काही नाही, आई. रागावू नका हं." सून औषधांच्या दुकानात कामाला होती, गोळ्यांची पर्स बरोबर घेऊनच फिरायची. "तुमच्या चहात मी गाडी लागू नये म्हणून गोळी टाकली. तशी नुसती दिली असती तर तुम्ही घेतली नसतीत. मस्त झोप लागते त्यानं. सकाळपासून घसा फोडताय, जरा विसावा घ्या. आम्हालाही धबधब्याचा आवाज ऐकू द्या एकदा."



"अगं भवाने," एवढंच ती बोलली. हात कपाळाला लागला आणि तिथंच राहावा असं वाटायला लागलं.

तिनं मांडीला चिमटा काढला. काच खाली करून तोंड वाऱ्यात धरलं. ओठ चावला, तो रक्तानं खारट झाला. "वळण," ती म्हणाली. "कुठलं... डावं. डावं." शब्द तोंडातून चिखलातल्या चपलेसारखे निघत होते, ओढून काढावे लागत होते. कौतुक नाही, 'बाई' नाही, 'मेला' नाही. नुसतं डावं, उजवं. मग तेही सुटलं.

किती वेळ सुटलं कोण जाणे. हॉर्न एवढ्या जवळ वाजला की तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. गाडीला अगदी लागून एका बसचं अंग सर्रकन गेलं. आरशाला आरसा घासल्याचा आवाज आला.

"काय माणसं चालवतात!" मागून मुलगा ओरडला. "बाबा, शाबास! जरा चुकलं असतं तर गेलो होतो."

त्याला वाटलं बापानं वाचवलं. म्हाताऱ्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"अगं, बोल ना काहीतरी," तो म्हणाला. आवाज हलका ठेवला होता, पण बोटांची हाडं स्टिअरिंगवर उठून दिसत होती. "गप्प का झालीस?"

"बाबांना रेडिओशिवाय करमत नाही," सून म्हणाली.

म्हातारीनं तोंड उघडलं. जीभ हललीच नाही. समोर रस्ता वर चढत होता, त्याच्या टोकाला नुसतं आभाळ. रस्ता तिथून कुठं वळतो ते तिलाही दिसेना.

तेवढ्यात मागून भिंगरीचा आवाज आला.

"आजोबा, उजवं वळण. अवघड आहे. आता. सरळ करा. समोर मोकळं."

गाडी उजवीकडं वळली, सरळ झाली. म्हाताऱ्याचे खांदे खाली आले.

"सायकलवाला. आपल्याच बाजूला. हॉर्न वाजवा. गेला. समोर मोकळं."

"घ्या!" सून टाळी वाजवून हसली. "मोठा बंद पडला तर छोटा रेडिओ तयार! आजीची गादी चालवणार हो आमची भिंगरी."

म्हातारीची झोप क्षणभर उडून गेली. पोरं नक्कल करतात, ते तिला माहीत होतं. पण 'समोर मोकळं' हे शब्द ती लोकांत कधीच बोलायची नाही. दोघंच गाडीत असले की तेवढ्यापुरते होते ते, नवरा-बायकोतले. मग पोरीला कुणी शिकवले?

गेल्या थंडीत म्हातारी तापानं अंथरुणाला खिळली होती. मुलगा-सून कामावर. भिंगरीला शाळेत कोण सोडतं म्हणून तिनं विचारलं होतं. "शेजारच्यांच्या गाडीतून जाते," म्हातारा म्हणाला होता. "तू पड."

तिनं आरशात बघितलं. भिंगरी सीटच्या काठावर आली होती. पट्टा काढलेला, मान ताणलेली, दोन्ही मुठी पुढच्या सीटवर. पापणी लवत नव्हती. आइस्क्रीमचा डाग गालावर तसाच होता, पण त्या डागाखालचा चेहरा लहान मुलीचा नव्हता. तो चेहरा म्हातारीच्या ओळखीचा होता. रोज घरी परतल्यावर तोंड धुताना दिसायचा.

शपथ मोडली तर पोरीचं काय होईल ते देव जाणे. नाही मोडली तर काय होईल ते पुढच्या वळणावर कळेलच.

"गाडी थांबवा," ती म्हणाली.

"इथं? घाटात?"

"उलटी येतेय. थांबवा म्हणते ना!"

"आजोबा, पुढं दरीच्या बाजूला मोकळी जागा आहे," भिंगरी म्हणाली. "बाकं आहेत, कठडा आहे. हळू. अजून. अजून थोडं. बस."

गाडी थांबली. कठड्यापासून हातभर अंतर राहिलं होतं. म्हातारीनं वाकून आधी किल्ली फिरवली आणि उपसून घेतली. मग दार उघडून उतरली, गाडीला धरत धरत कठड्याशी गेली, आणि होती नव्हती तेवढी ताकद लावून किल्ली दरीत भिरकावली.

"आई!" मुलगा धावत आला. "वेड लागलं का तुला? आता गाडी काय ढकलत न्यायची?"

"बापाला दिसत नाही तुझ्या."

"काय?"

"समोरचं काही दिसत नाही त्यांना. मी सांगते आणि ते चालवतात. मागच्या उन्हाळ्यापासून." ती धपकन बाकावर बसली. "मला शपथ घातली होती. मोडली मी. जा."

मुलगा सुनेकडं वळला. "काय होतं तरी काय त्या गोळीत?"

"बडबडतात कधी कधी," सून म्हणाली. पण ती हसत नव्हती आता.

म्हातारा गाडीतून उतरला. बोनेटवरून हात फिरवत, कठडा चाचपत पुढं आला आणि ताठ उभा राहिला. बस चालवायचा तेव्हा उभा राहायचा तसा.

"मला दिसत नाही?" तो हसला. "अरे, या घाटात मी आयुष्य काढलंय. विचार काय विचारायचं ते. समोर तीन डोंगर. मधला सगळ्यात उंच, त्याच्या माथ्यावर बसलेल्या बैलासारखा खडक. आहे का नाही?"

मुलानं बघितलं. "आहे," तो म्हणाला. त्याचा चेहरा जरा सैल झाला. त्याला आहेच म्हणायचं होतं. "आई, अगं बघ की, बरोबर सांगतायत."

"अहो, पुरे," म्हातारी बाकावरून म्हणाली. तिचे डोळे मिटत होते. "पुरे करा आता."

पण पायलटला चेव चढला होता. त्यानं हात लांब केला, बोट खाली दरीकडं रोखलं.

"आणि ती खाली नदी. नदीवर दगडी पूल, पाच कमानींचा. पलीकडं गाव. कौलं दिसतायत बघ. आणि आत्ता, या घडीला, पुलावरून एक लाल बस चाललीय. हळू चालवतोय, नवा दिसतोय गडी. आता बोल."

मुलगा बोटाच्या दिशेनं वळला. सूनही कठड्याशी आली.

खाली पाणी होतं. डोंगराच्या कमरेपर्यंत चढलेलं, निळं, गप्प, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दूर धरणाची भिंत उन्हात चमकत होती. पूल नव्हता, गाव नव्हतं. कधीचं बुडालं होतं कोण जाणे.

 सुनेनं तोंडावर हात दाबला. गेल्या थंडीत रोज सकाळी, कामावर निघण्याआधी, भिंगरीला शाळेत नेणाऱ्या या गाडीला तिनं दारात उभं राहून टाटा केला होता.

म्हाताऱ्याचं बोट अजून तसंच रोखलेलं होतं. भिंगरी त्याच्याजवळ गेली, त्याच्या कोपराला हात लावला आणि हळूच, सवयीच्या आवाजात म्हणाली, "आजोबा, पाणी आहे. सगळं पाणी."

बोट खाली आलं.

मुलगा लेकीपुढं गुडघ्यावर बसला.  "भिंगरे, तुला कधीपासून माहीत आहे? किती वेळा नेलं तुला असं?"

भिंगरीनं आधी आजोबांकडं बघितलं, सांगू का म्हणून. बराच वेळ बघत राहिली.

आजोबांना ते दिसलं नाही.