वर्गातलं प्लॅस्टरचं पोट

मित्रांनो, हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मी एक जुनं पोट आहे, प्लॅस्टरचं. कैरोच्या एका कारागिराने मला घडवलं, लाल-गुलाबी रंग दिला, आणि मी असियूतच्या वैद्यकीय महाविद्यालयात आलो.

माझ्यात आजवर घासभर अन्न गेलेलं नाही. तरी पोटाची गाऱ्हाणी माझ्याइतकी कुणी ऐकली नसतील! मुलं एका हातात माझं जठर धरून त्याचे थर पाठ करतात आणि दुसऱ्या हाताने स्वतःचं पोट दाबतात. सकाळी नुसता काळा चहा, दुपारी जिना चढता चढता तोंडात कोंबलेले पावातले तामिया नावाचे वडे, संध्याकाळी परत चहा. अरे, पोट आहे की पोतं? पण माझं ऐकतो कोण.

सोहाग शहराकडच्या खेड्यातली विद्यार्थिनी इनास माझी लाडकी. कितीतरी महिने तिच्या पोटात जळजळ होती. चार घास खाल्ले की पोट टच्च. मग तिने वैद्यकीची मुलंच करतात ते केलं. स्वतःला तपासून घेण्याऐवजी पुस्तक उघडलं आणि त्यातलं सगळ्यात भयंकर पान स्वतःला लावून घेतलं. पोटात गाठच आहे, असं ठरवून टाकलं. तपासणीला जायची भीती वाटे. एका दुपारी मैत्रिणीला, शाहिंदाला, तिने सांगितलं की ती शिक्षण सोडून घरी चाललीय; मरायचंच तर आईजवळ. मला फार वाईट वाटलं.

शाहिंदा गप्प बसणारी नव्हे. तिने तडक त्यांना शिकवणाऱ्या शौकी डॉक्टरांना गाठलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला टेबलावर ठेवून वर्गाला विचारलं, "जेवल्यावर कुणाकुणाचं पोट जळतं?"

एकही हात वर नाही. होणारे डॉक्टर ना, रोगी म्हणवून घ्यायची लाज वाटते. तेव्हा डॉक्टरांनी स्वतःचाच हात वर केला.

"तुमच्या बाकावर बसत होतो तेव्हापासून," ते म्हणाले.

मागून एक हात आला, मग दुसरा, बघता बघता अर्धा वर्ग. इनास मान वळवून बघतच राहिली.

"अगं, सगळ्यांनाच गाठ झालेली दिसतेय," शाहिंदा तिच्या कानात पुटपुटली. इनासला हसू फुटलं आणि तिचाही हात वर गेला.

त्याच आठवड्यात ती तपासून आली. गाठबीठ काही नव्हती. जुनं अपचन होतं, औषधाने आणि वेळेवर जेवल्याने आटोक्यात येणारं. शौकी डॉक्टरांनी भर दुपारचा तास पुढे ढकलला. आता त्या वेळी मुलं अंगणात सावलीला बसून जेवतात, आणि सावकाश चावा म्हणून सगळ्यांना दटावते ती इनासच.

म्हणून सांगतो, मित्रांनो, पोट दुखलं तर एकट्याने पुस्तकात शोधत बसू नका. डॉक्टरांकडे जा. आणि जायचा धीर होत नसेल, तर आधी शेजारच्याला सांगा. बहुतेक त्याचंही दुखत असतं.