केवलचंदशेठच्या गाडीचे बुश

केवलचंदशेठची लाल टू-सीटर जुन्नरच्या बाजारपेठेत लोकांना आधी ऐकू यायची आणि मग दिसायची. चाळीस वर्षांची स्पोर्ट्‌स कार ती! चाकांना धरणाऱ्या दांड्यांच्या सांध्यांतले रबरी बुश कुजून गेले होते, त्यामुळे खड्डा आला की खाली नुसती आदळआपट. शेठचा जीव त्या गाडीत आणि त्यांच्या बायकोचा, मोहनबाईंचा, तिच्यावर राग. पण यंदा पर्युषणात त्यांनी आठ दिवसांचा उपवास धरला, तेव्हा शेठनी हट्टच धरला, की पारण्याच्या सकाळी तुला मंदिरात याच गाडीतून नेणार.

दत्ता मिस्त्रीनं मुंबईहून पीयूचे, म्हणजे रबरापेक्षा टणक प्लॅस्टिकचे, पक्के बुश मागवले. ते ग्रीसशिवाय करकरतात, आणि सोबतची ग्रीसची पुडी नेमकी वाटेत फुटली होती. दत्तानं डोकं चालवलं. त्याचा बाप म्हस्कू मेंढरं राखायचा आणि टाचांच्या भेगांना डब्यातलं पिवळं, चिकट काहीतरी चोळायचा. पावसातही ते धुऊन जात नसे. दत्तानं बुशांना तेच थापलं. गाडी डिंगोरे गावापर्यंत जाऊन आली, पण हूं की चूं नाही. शेठ तर हरखूनच गेले.

पारण्याच्या सकाळी दत्ता भाकरी खात असताना आईनं, गजराबाईनं, विचारलं, "तुज्या बापाचा मेंढीच्या चरबीचा डबा कुनी रिकामा केला रं?"

दत्ताचा घास हातातच राहिला. चरबी! आणि जैनांच्या घरच्या, उपवासाच्या काकू त्या गाडीत बसणार! न सांगता गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? हा विचार आला मात्र, त्याची त्यालाच लाज वाटली आणि तो तसाच पळत सुटला.

मोहनबाईंचा एक पाय गाडीत होता.

"काकू, बसू नगा!" दत्ता ओरडला आणि एका दमात सगळं सांगून मोकळा झाला. "समदे बुश काढून धुतो. पन आज बसू नगा."

मोहनबाईंनी पाय मागं घेतला. शेठचा चेहरा पार उतरला. तेवढ्यात मागून म्हस्कू धापा टाकत आला.

"आरं येड्या, पुरतं ऐकून तरी जायाचं! लोकर उकळली की वर चिकटा येतो, त्यो हाय त्यो. तुजी आय समद्यालाच चरबी म्हंती."

"म्हणजे मेंढी..." मोहनबाईंनी विचारलं.

"हाय की जित्ती! लोकर कातरायला बसलो की दर साली लाथ घालती मला."

आठ दिवसांच्या उपाशी मोहनबाई खुदकन हसल्या आणि गाडीत बसल्या. दत्ताचा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणीच आलं त्याच्या.

"दत्ता," मोहनबाई खिडकीतून म्हणाल्या, "हातात काय आहे रे?"

त्यानं मूठ उघडली. भाकरीचा तुकडा चुरगळून गेला होता.

"खा तो आधी. आणि मग पारण्याला घरी ये, आपण दोघंही उपाशी आहोत."

गाडी खड्ड्यांतून गेली. दत्तानं कान दिला, पण कसलाच आवाज आला नाही. मग त्यानं तो चुरा तोंडात टाकला.