देओलिंदामावशीच्या झाडांचे वर्ष

मी एक जुना फॉर्म आहे मित्रांनो, पण कागदाचा नव्हे. आलेंतेजू प्रांतातल्या एका सहकारी संस्थेच्या संगणकात माझे घर आहे. माझी गोष्ट खुशाल वाचा, फक्त हात कीबोर्डपासून लांब ठेवा. माणसांच्या बोटांवर माझा विश्वास नाही.

आमच्याकडे बुचाच्या ओकाची साल उन्हाळ्यात कुऱ्हाडीने सोलतात. एकदा सोलली की नऊ वर्षे झाडाला हात लावायचा नाही. म्हणून त्या वर्षाचा शेवटचा आकडा खोडावर पांढऱ्या रंगाने लिहितात आणि तेच वर्ष माझ्यात भरतात. पण नऊ वर्षे धीर कुणाला? एका मालकाने गुपचूप माझ्यातले वर्ष मागे नेले आणि झाडे लवकर सोलून घेतली. तेव्हा अध्यक्षांचा जावई आन्सेल्मु याने मला कुलूप घातले. एकदा भरलेले वर्ष ना बदलता येणार, ना खोडता येणार. किल्ली त्याने कुणाकडेच ठेवली नाही. "आता खुद्द पाद्रीबाबा आले तरी आकडा हलायचा नाही," असे अध्यक्ष भर सभेत म्हणाले आणि मी फुशारलो.

तेव्हापासून मला जो तो चोर दिसू लागला. वर्षाच्या रकान्यावर कुणी नुसता बाण आणला तरी मी लाल अक्षरांत 'नोंद बंद आहे' असे दटावत असे.

२०२३ च्या एप्रिलमध्ये देओलिंदामावशी आल्या. एकट्या राहतात, अकरा ओक एवढीच त्यांची इस्टेट. आमच्या कारकून ग्रासिएतला त्या म्हणाल्या, "पोरी, माझ्या झाडांवर सहा लिहिलंय. तुमच्याकडे दोन हजार चौदा कुठून आलं? यंदा सोलली तर मरतील गं ती."

ग्रासिएतने चार वेळा वर्ष बदलून पाहिले. मी चारही वेळा नाही म्हटले. एवढी धडपड म्हणजे काहीतरी काळेबेरे असणारच, असे मला वाटले. तिने अध्यक्षांना फोन लावला. ते म्हणाले, "बदलायचंच असतं तर कुलूप कशाला लावलं असतं? मावशीचं वय झालंय आता, विसरली असेल."

ग्रासिएतने 'मावशींची झाडे यंदा सोलू नका' अशी एक चिठ्ठी लिहून टेबलावर ठेवली. पण जूनमध्ये सोलणाऱ्यांची यादी माझ्यातून छापली गेली आणि चिठ्ठी टेबलावरच राहिली.

यादी घेऊन टोळी गेली तेव्हा मावशी लेकीच्या बाळंतपणाला बेजा शहरात होत्या. खोडांवरचा आकडा शेवाळाखाली झाकला गेला होता. तिसऱ्या झाडाला साल सुटेना, ओढताना आतले जिवंत लाल अंग उघडे पडले, तेव्हा टोळीचे म्होरके झासिन्तु यांनी कुऱ्हाड थांबवली. बाहीने खोड पुसले, तर सहा.

"ठेवा रे कुऱ्हाडी," ते म्हणाले. "सातच वर्षं झालीत या सालीला."

मग चूक सापडली. नोंद करायला गेलेला कुश्तोदियु उन्हात गाडीतून उतरलाच नव्हता. कुंपणापाशी शेजाऱ्याची झाडे उभी होती, त्यांच्यावरचा चार पाहून तो जेवायला परतला होता.

मावशी परत आल्या त्या थेट कचेरीत. ओरडल्या नाहीत. सालीचा तुकडा टेबलावर ठेवून ग्रासिएतला म्हणाल्या, "लोक तुमच्याकडे लवकर सोला म्हणून येतात. मी थांबा म्हणायला आले होते."

मित्रांनो, मला तेव्हा फार लाज वाटली. चोर वर्ष मागे ढकलतो, मावशी पुढे ढकलत होत्या. एवढा साधा फरक माझ्या संशयी डोक्यात शिरला नाही.

आन्सेल्मुने मग मला सुधारले. जुनी ओळ अजूनही खोडता येत नाही, पण तिच्याखाली नाव आणि कारण लिहून दुरुस्ती करता येते. मावशींचे २०१६ अशाच पहिल्या ओळीत आले. बाकीची आठ झाडे वाचली.

तेव्हा कुलूप जरूर लावा, बाळांनो, पण दाराशी आलेल्या माणसाला आधी विचारा, तो काय मागतो आहे. गेल्या उन्हाळ्यात ग्रासिएतने त्या नोंदीखाली आणखी एक ओळ लिहिली: 'तीन झाडे वाळली.' ती खोडावी असे मला रोज वाटते, आणि मीच खोडू देत नाही.