सासूबाई चालूच आहेत

मिस्त्रींचा पाना आणि मिस्त्रींचं तोंड, दोन्ही एकाच वेळी गप्प बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे नळ, मोऱ्या आणि संडासाच्या टाक्या दुरुस्त केल्या. मग गुडघे कुरकुरायला लागले आणि पाना पिशवीत गेला. तोंडाला निवृत्ती नव्हती.

फ्लशच्या टाकीतल्या एकूण एक भागाला त्यांनी नात्यातलं नाव देऊन ठेवलं होतं. पाण्यावर तरंगणारा पोकळ चेंडू म्हणजे जावई. तो वर चढून मानाच्या जागी पोचला, की मगच पाणी यायचं बंद होतं. आणि टाकीच्या मधोमध ताठ उभी असलेली ओव्हरफ्लोची नळी म्हणजे सासूबाई. लेकीची आई ती आठ वर्षांची असताना गेली, त्यामुळे लेक बापाच्याच भाषेत वाढली. शाळेत कुणीतरी विचारलं, "सासू म्हणजे काय गं?" तेव्हा तिनं सरळ सांगितलं होतं, "टाकीतली नळी." शिक्षिका दिवसभर हसत होत्या.

म्हणूनच त्या सकाळी लेकीचा फोन आला तेव्हा दोघांनाही आपण काही वावगं बोलतोय असं वाटलं नाही.

"बाबा, टाकीचं पाणी थांबत नाहीये. झाकण काढून बघतेय. चार दिवस झाले, सासूबाई चालूच आहेत."

"दिवसरात्र?"

"दिवसरात्र. घरात कुणाला झोप नाही."

"अगं, मग आधीच नाही का सांगायचं? जावयाला जरा खाली वाकव. सासूबाई आपोआप गप्प होतील."

"आणि नाही झाल्या तर?"

"तर उपटून टाकू! नव्या आणू की. दुकानात ढिगानं पडल्यात."

लेक खळखळून हसली. आणि मधेच थांबली. पलीकडे कुठलं तरी दार हळूच लागल्याचं मिस्त्रींनी ऐकलं.

"बाबा," लेक कुजबुजली, "फोन स्पीकरवर होता. आई मागेच उभ्या होत्या."

आई म्हणजे तिच्या खऱ्या सासूबाई, मिस्त्रींच्या विहीणबाई. उभा जन्म शिवणकाम केलेली, मोजकं बोलणारी बाई. दोन महिन्यांपूर्वी पडून त्यांचं मनगट मोडलं होतं. हाड जुळलं, पण त्या हातात जोर राहिला नव्हता. एकटीनं राहणं आता जमणार नाही, इथेच राहा, असं मुलगा आणि सून दोघंही त्यांच्या मागे लागले होते. त्या म्हणाल्या होत्या, पंधरा दिवस राहून बघते, मग सांगते. आजचा पंधरावा दिवस.

अर्ध्या तासानं पुन्हा फोन आला.

"बाबा, त्या बॅग भरतायत. मी समजवायला गेले तर म्हणाल्या, सारवासारव करू नकोस. म्हणाल्या, मला रात्रीतून तीनदा उठावं लागतं, तुमच्या झोपेचं खोबरं होतं, ते मला कळतं. हेही घरी नाहीत, संध्याकाळी येतील. तोवर त्या जातील बाबा. मला त्या हव्यात हो."

शेवटचं वाक्य मिस्त्रींच्या काळजाला जाऊन लागलं. आईवाचून वाढलेल्या पोरीनं इतक्या वर्षांत बापाकडे कधी कुणाला मागितलं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या जिभेला चार शिव्या हासडल्या, पिशवी काखोटीला मारली आणि कुरकुरत्या गुडघ्यांसकट निघाले.

विहीणबाई बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. पायाशी बॅग, मांडीवर छत्री.

"या व्याही," त्या म्हणाल्या. आवाजात आदर पुरेपूर होता, ओलावा थेंबभर नव्हता.

मिस्त्रींनी वाटभर माफीची वाक्यं जुळवली होती. त्यांच्याकडे बघताच सगळी विसरली. तोंडातून निघालं ते असं: "विहीणबाई, मला बॅटरी धरायला एक माणूस हवं. लेकीचा हात हलतो."

लेकीनं 'कधी हलला?' असं म्हणायला तोंड उघडलं आणि शहाण्यासारखं मिटलं. विहीणबाईंना नाही म्हणता येईना. व्याह्यानं मदत मागितल्यावर नकार देणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. त्या उठल्या.

न्हाणीघर इतकं अरुंद, की दोघं आत गेल्यावर लेकीला उंबऱ्यातच उभं राहावं लागलं. मिस्त्रींनी झाकण उचलून पंच्यावर आडवं ठेवलं. टाकी मधल्या नळीपर्यंत भरली होती, आणि नळीच्या तोंडातून पाणी आत उतरत होतं, बारीक आवाज करत.

"या बघा," मिस्त्री म्हणाले आणि त्यांचा कधी नव्हे तो चाचरता स्वर लागला. "या सासूबाई."

बॅटरीचा उजेड जराही हलला नाही.

"लोकांना वाटतं, नळी बिघडली. तिचा काही दोष नसतो. पाणी बेताबाहेर आलं, की ती ते मुकाट्यानं पोटात घेते आणि खालच्या भांड्यात सोडते. बाहेर एक थेंब जाऊ देत नाही."

"मग नाव?" विहीणबाईंनी विचारलं.

मिस्त्रींनी बाह्या वर केल्या, खाली केल्या. "लग्न झालं तेव्हा मला काम नव्हतं. बायकोच्या माहेरीच राहत होतो. काम नाही म्हणून डोकं तापलेलं, आणि राग काढायचा कुणावर, तर त्या माउलीवर. काय काय बोललो असेन! सासूबाईंनी सगळं गिळलं. माझ्या बायकोपर्यंत त्यातला एक शब्द पोचू दिला नाही. त्यांचे उपकार मानायचे राहून गेले. पुढे हे काम शिकलो, पहिली टाकी उघडली, ही नळी बघितली, आणि मला त्याच आठवल्या. तेव्हापासून हे नाव." त्यांनी नाक ओढलं. "आणि ते उपटून टाकायचं बोललो, तो नुसता आचरटपणा. मी आजवर ही नळी कधी उपटलेली नाही."

पाणी तेवढं उतरत राहिलं.

आता मिस्त्रींना कामाचा आधार वाटला. त्यांनी चेंडू हलवून बघितला. आत पाणी शिरलेलं नव्हतं. मग चेंडूच्या पितळी दांडीवरून बोट फिरवलं आणि कपाळाला आठी घातली. "ही कुणीतरी वर वाकवलीय. त्यामुळे चेंडू वर जाऊनही पाणी थांबत नाही, नळीच्या वर चढतं. कुणाचा उद्योग हा?"

लेकीनं जीभ चावली. "यांचा. चार दिवसांपूर्वी, रविवारी. आईंना फ्लश दोनदा दाबावा लागायचा आणि मनगट दुखायचं. हे म्हणाले, टाकीत पाणी जास्त भरू दे, म्हणजे एकदाच दाबून भागेल. मला म्हणाले, आईला सांगू नकोस, उगीच संकोच करेल."

आता मात्र बॅटरीचा उजेड हलला. टाकीवरून भिंतीवर गेला, भिंतीवरून छताला.

"व्याही, काम करा," विहीणबाई म्हणाल्या आणि उजेड पुन्हा जागेवर आणला.

मिस्त्रींनी दांडी हलक्या हातानं खाली वाकवली. मग फ्लशच्या साखळीकडे वळले. ती सैल लोंबत होती, म्हणून तळाचं झाकण अर्धंच उचललं जायचं आणि दोनदा दाबावं लागायचं. त्यांनी साखळी दोन कड्यांनी आखूड केली.

"दाबा," ते म्हणाले. "दुखऱ्या हातानंच."

विहीणबाईंनी दाबलं. एकदाच. सगळं पाणी धाडकन गेलं. टाकी पुन्हा भरत आली, चेंडू चढत आला आणि पाणी थांबलं.

"नळीच्या तोंडाखाली दोन बोटं जागा राहिली पाहिजे," मिस्त्री म्हणाले.

जन्मभर कापड मोजलेल्या बाईनं आपली दोन बोटं नळीला लावून बघितली. बरोबर दोन बोटं. चार दिवसांनी घरात पहिल्यांदा शांतता झाली होती. मिस्त्रींना आता बॅगेबद्दल विचारायचं होतं, पण त्यांच्या तोंडानं आयुष्यात पहिल्यांदा दगा दिला.

विहीणबाई ओली बोटं तशीच धरून नळीकडे बघत होत्या.

"आता तर पाणी हिच्यापर्यंत येतच नाही. मग हिचं काम काय?"

"काही नाही. नुसतं उभं राहायचं."

"आणि काढून टाकली, भोक बुजवलं, तर?"

"तर बाकी सगळं नीट आहे तोवर काही कळणार नाही. पण एखाद्या दिवशी जावई चुकला, की पाणी काठावरून घरभर."

विहीणबाईंनी पदराला बोटं पुसली, बॅटरी विझवून व्याह्यांच्या हातात दिली आणि उंबऱ्यात रडवेल्या तोंडानं उभ्या असलेल्या सुनेचा खांदा धरून बाहेर पाऊल टाकलं.

"चल गं," त्या म्हणाल्या, "बॅग रिकामी करायला मदत कर. माझा हात दुखतोय."