डब्यातला शेतकरी

मी परभणीच्या एका शाळेतला कंप्युटर बोलतोय. ऐका, पण माझं सगळंच खरं मानू नका. मीसुद्धा कुणाचं सगळं खरं मानत नाही आणि आजवर त्यावाचून माझं काही अडलेलं नाही.

माझा जन्म कुठं झाला ते मला नीट माहीत नाही. माझ्या खोक्यावर परदेशातला पत्ता होता, कागदांवर दिल्लीचा शिक्का होता आणि मला पोचवायला आलेला माणूस नांदेडचा होता. १९८६ साली कुठल्याशा सरकारी योजनेत मी या शाळेच्या वाट्याला आलो. परभणी स्टेशनवरून शाळेपर्यंत हातगाड्यावर आलो. गाडा शाळेचा शिपाई लिंबाजी ओढत होता. वाटेत प्रत्येक खड्ड्याला तो मागं वळून बघायचा. मला वाटलं, किती काळजी करतो! मग कळलं, फुटलो तर त्याच्या पगारातून कापतील असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

मुख्याध्यापक आबासाहेबांनी माझी पूजा केली, काचेला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि लगेच मला कुलपात घातलं. किल्ली त्यांच्या कोटाच्या खिशात असायची. माझ्या खोलीत चपला काढून यायचं आणि दारातूनच बघायचं, असा नियम झाला. माझ्याकडं टक लावून पाहिलं की डोळे जातात, हात लावला की झटका बसतो, अशा बातम्या पोरांत पसरल्या. कचेरीतले कारकून तर माझ्याकडं सवतीसारखं पाहायचे. उद्या हा आपल्या खुर्चीवर बसेल, अशी त्यांना धास्ती होती. मी कशाला बसतोय? मला तर माझ्याच टेबलाचा भरवसा नव्हता, एक पाय कायम डुगडुगायचा.

दोन वर्षं अशीच गेली. मग इंग्रजीचे मास्तर दिनकरराव औरंगाबादला दहा दिवसांचं शिक्षण घेऊन आले आणि त्यांनी आबासाहेबांच्या मागं लागून लागून किल्ली मिळवली. सोबत त्यांनी एक टेप आणली होती. गाण्याची असते तसलीच कॅसेट, पण तिच्यात गाणी नव्हती, एक अख्खं गाव होतं.

गाव म्हणजे चित्रं नव्हेत, नुसती अक्षरं. 'तू रस्त्यावर उभा आहेस. उत्तरेला शेत आहे, पूर्वेला दुकान आहे,' असं इंग्रजीत माझ्या काचेवर उमटायचं. पुढं काय करायचं ते मुलांनीही इंग्रजीतच लिहायचं. दुकानात गेलं की दुकानदार बोलायचा, दवाखान्यात गेलं की डॉक्टर कुठं दुखतं विचारायचा. नीट लिहिलं तर काम व्हायचं, चुकलं तर अडून बसायचं. त्या गावात हिंडता हिंडता मुलांना इंग्रजी बोलता यावं, असा बेत होता.

मला मात्र ते गाव पहिल्या दिवसापासून खटकायचं. माझ्याच पोटात होतं, तरी खटकायचं. तिथं कुणी कुणाला 'कधी आलास, कुणाचा तू' असं विचारत नव्हतं. दुकानदार उधार देत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता. अशा गावात राहणारी माणसं कसली असतील, याचा मला कधी पत्ता लागला नाही.

मुलं आली, हिंडली, आठवड्याभरात कंटाळली. टिकली एकच. नववीतली चतुरा. पालमकडच्या मेंढपाळाची मुलगी, परभणीत अंबाबाई नावाच्या मावशीकडं राहून शिकायची. तिचं इंग्रजी यथातथाच होतं, पण चिकाटी दांडगी. एकेका शब्दासाठी ती दिनकररावांचं डोकं खायची. कळा दाबताना ती जीभ दातांत धरायची आणि चुकली की स्वतःलाच 'येडी' म्हणायची. मला वाटलं, हिचाही काहीतरी डाव असेल. मुलगी इतकं मन लावून शिकते म्हणजे नक्की कशासाठी?

कशासाठी ते होळीनंतरच्या एका शनिवारी कळलं. ज्वारीची काढणी उरकत आली होती. दुपारी दारात एक उंच, वाळकट माणूस येऊन उभा राहिला. खांद्यावर घोंगडी, डोक्याला पटका. चतुराचे वडील, रायभान. त्यांची मेंढरं शाळेमागच्याच एका शेतात उतरली होती.

"मास्तर, लेकीचं शाळेतून नाव काढायला आलोय," ते म्हणाले. "सून बाळंत झालीय. कोकरं लय हायेत अन् हात कमी पडायलेत. सोमवारी निघायचंय सोनपेठकडं."

चतुरानं माझ्या कळांवरचे हात उचलले नाहीत. नववीच्या परीक्षेला महिनाही नव्हता. एकदा कळपामागं गेलेली मुलगी दहावीला परत येत नाही, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तेच चुकवायला ती इतकं मन लावून शिकत होती.

दिनकरराव गडबडले. "आधी ती काय शिकते ते बघा तरी," म्हणाले आणि त्यांना स्टुलावर बसवलं. रायभान माझ्याकडं असे बघत होते, जसं बाजारात दात न तपासता कुणी जनावर विकायला आणलंय. मी म्हटलं, चला, या शाळेत माझ्या जातीचा एक तरी माणूस आला.

चतुरानं त्यांना गाव दाखवलं, वाचून मराठीत सांगितलं. उत्तरेला शेत आहे म्हणताच ते पुढं सरकले. "जा म्हण मेंढरं घेऊन."

तिनं लिहिलं. काचेवर उमटलं, 'शेतकरी रागावला आहे. ही त्याची जमीन आहे. मागं फीर.'

"काय म्हणतो?"

चतुरानं खाली बघत सांगितलं. रायभान उठून उभेच राहिले. "खोटं हाय हे! लोक आमाला घरी बोलवायला येत्यात, आमच्या रानात मेंढरं बसवा म्हणून. रातभर मेंढरं बसली की लेंडीखतानं रान कसं होतंय, ते कोणत्या शेतकऱ्याला ठाव न्हाई? ज्वारी देतेत, पाणी देतेत. मागं फीर म्हणतो! मास्तर, ह्या डब्यात खोटं शिकवायलेत तुमी."

दिनकरराव काचेवरची ओळ पुन्हा वाचू लागले. ज्या कुणी ते गाव रचलं, त्यानं मेंढरं फक्त कुंपणापलीकडून पाहिली असावीत.

"दादा," चतुरा वडिलांना म्हणाली, "खोटं असंल तर खरं करता येतंय. ह्याच्या आत जे लिव्हलंय ते बदलता येतंय, सरांनी दाखवलंय मला. सोमवारच्या दुपारपातुर थांबा."

रायभाननी घोंगडी खांद्यावर सारखी केली. "सोमवार दुपार. मग निघायचं," ते म्हणाले.

रविवारी शाळा बंद होती. सोमवारी सकाळी दिनकररावांनी घरून भजनाची एक कॅसेट आणली. मूळ टेप खराब झाली तर आबासाहेब फाडून खातील, म्हणून नवा शेतकरी भजनं पुसून या कॅसेटवर भरायचा ठरला. चतुरा लिहीत होती, अडली की शब्द विचारत होती. बसवणे याला इंग्रजीत काय म्हणायचं, यावर दोघांची अर्धा तास खटपट चालली. एकदा वीज गेली आणि सगळं पुसलं गेलं. तिनं पुन्हा पहिल्यापासून लिहिलं.

दुपारी रायभान आले. डब्यातला शेतकरी म्हणाला, 'या, या. तुमची मेंढरं माझ्या शेतात बसवा.'

चतुराचा चेहरा फुलला होता. बापाचा मात्र आणखी आक्रसला. "एवढ्या लवकर या म्हणला? इचारलं न्हाई, पुसलं न्हाई? ह्याच्या हिरीला पाणी नसंल. न्हाईतर रान दुसऱ्याचं असंल. असल्या माणसाचा मी भरोसा धरत नसतो."

मला एकदम पटलं. मीही त्या शेतकऱ्यावर मनातून नाराज होतो.

"मग कसा पायजे?" चतुरानं विचारलं.

"आधी इचारंल, मेंढरं किती. मग इचारंल, रोगराई हाय का. किती राती बसणार. कुत्री कुणाची. मग घासाघीस. मग कुठं हो म्हणंल."

मंगळवारी शेतकऱ्यानं मेंढरं किती ते विचारलं. रायभान म्हणाले, रोगाचं विचारायचं राहिलं. तेही घातलं. मग म्हणाले, पाणी कोण शेंदणार ते ठरलं नाही. चतुरा लिहीत होती, खोडत होती, दिनकररावांकडं न बघता आता शब्द जुळवत होती. 'आजारी मेंढरू आहे का? खरं सांगा,' असं तिनं शेतकऱ्याच्या तोंडी घातलं तेव्हा दिनकरराव खुर्चीत मागं रेलले. वर्षभर फळ्यावर घसा फोडून जे जमलं नव्हतं, ते एका संशयी बापापायी दोन दिवसांत होत होतं.

पण माझ्या मनात दुसरीच पाल चुकचुकत होती. सोमवार गेला, मंगळवार गेला. कळप का हलत नव्हता? या माणसाला शेतकरी अजून खोटा वाटत होता, की त्याला तो खरा व्हायलाच नको होता? मी त्यांच्या चेहऱ्यावर खूप शोधलं. काही सापडलं नाही.

इकडं आबासाहेबांनाही संशय आला. ते दारात येऊन म्हणाले, "दिनकरराव, सरकारनं हे यंत्र मेंढरं बसवायला दिलंय का?" उद्याच्या उद्या किल्ली परत करा, असं बजावून गेले.

बुधवारी दुपारी रायभान एकटे आले नाहीत. मागं त्यांची बायको कासाबाई होती, काखेत एक आजारी कोकरू. तिनं चपला काढल्या नाहीत आणि कुणी तिला तसं सांगायला धजलं नाही.

"रान चरून खलास झालं," ती नवऱ्याला म्हणाली. "सोनपेठवाल्याला शबुद दिलाय. मेंढरं उपाशी वरडायलीत अन् तुमी हितं डब्यातल्या माणसासंगं घासाघीस करायलात?"

"आज शेवटचं," रायभान म्हणाले.

शेतकऱ्यानं सगळं बरोबर विचारलं. पाणी, कुत्री, किती रात्री. रायभान सांगत गेले, चतुरा लिहीत गेली, भरभर. घासाघीस झाली आणि शेवटी शेतकरी म्हणाला, 'ठीक. आज संध्याकाळी या.' चूक काढायला काही उरलं नव्हतं. चतुराचे हात खाली आले. तिलाही तेच कळलं असावं. आता थांबायला निमित्त नव्हतं.

रायभाननी पटका काढला, गुडघ्यावर ठेवला. "आता त्याला एक इचार," ते म्हणाले. "म्हण, माझी लेक हितं शिकायला ऱ्हायली अन् आमी लांब रानोमाळ गेलो, तर तू तिच्याकडं बघशील का?"

चतुरानं वळून पाहिलं. मग हळूहळू लिहिलं. कुणाला एकही शब्द विचारला नाही. मला वाटतं, तिनं लिहिलेलं सगळ्यात लांब आणि बिनचूक वाक्य तेच.

मी पोटातलं सगळं धुंडाळलं. मेंढरं होती, पाणी होतं, कुत्री होती. लेक नव्हती. ज्याचं उत्तर त्याच्यात नाही, तिथं ते गाव एकच ओळ दाखवायचं. तीच उमटली, 'मला समजलं नाही.' आयुष्यात पहिल्यांदा मला माझी लाज वाटली.

चतुरानं ते वाचून दाखवलं आणि मान खाली घातली. दिनकरराव घाईनं म्हणाले, "अहो, ते यंत्र आहे, त्याला..."

रायभान हसत होते. चार दिवसांत पहिल्यांदा. "आता खरं बोललं! हो म्हणलं असतं ना मास्तर, तर आत्ताच्या आत्ता लेकीला उचलून नेली असती." मग ते दिनकररावांकडं वळले. "आता तुमाला इचारतो."

दिनकररावांनी हो म्हणायला तोंड उघडलं. मी मनात ओरडलो, अरे माणसा, लगेच नको! कसं कोण जाणे, ते थांबले. त्यांनी चष्मा पुसला.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"धाव्वी होईस्तोवर."

"खाणंपिणं मावशीकडं. अभ्यास माझ्याकडं, मालनच्या समोर, माझ्या घरी." मालनबाई म्हणजे त्यांची बायको. "पण ती आजारी पडली तर निरोप कुठं धाडायचा, ते आधी सांगा. तुम्ही आज इथं, उद्या तिथं. त्याशिवाय मी हो म्हणणार नाही."

रायभान आणि कासाबाईनं एकमेकांकडं पाहिलं. मग कासाबाई माझ्या खोलीतल्या फरशीवर मांडी घालून बसली, कोकरू मांडीवर घेतलं आणि बोटांवर मोजत सांगू लागली. चैतात सोनपेठ, अमक्याचं रान. मग गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या काठानं, तमक्याचा मळा. आखाडीला पालम. दिनकरराव वहीत उतरवत होते. एका नावापाशी त्यांनी पुन्हा विचारलं, दुसऱ्यापाशी जवळचा एस.टी.चा थांबा विचारला. कासाबाईचा आवाज हळूहळू मऊ पडत गेला. शाळा सोडल्याच्या दाखल्याचं नाव कुणीच काढलं नाही.

गुरुवारी पहाटे मेंढरं गेली. मी आवाज ऐकला. चतुरा शाळेच्या वेळेवर आली.

आता १९९४ साल चालू आहे. जानेवारीत मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या दिवसांत शहरात बंदोबस्त होता, शाळा बंद होत्या, तेव्हापासून माझ्या खोलीचं कुलूप कुणी काढलंच नव्हतं. परवा काढलं ते मला भांडारात टाकायला. भजनावर भरलेली ती कॅसेट उंदरांनी कुरतडली. चतुरा दहावी झाली, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं, ती पेढा घेऊन आली होती आणि एक तुकडा तिनं माझ्या कळांवर ठेवला होता. पुढं ती मास्तरीण झाली, असं लिंबाजी सांगतो. लिंबाजी काय, मला बरं वाटावं म्हणूनही सांगेल. तरी या एका बाबतीत मी शंका काढत नाही.

माझ्या जागी नवीन रंगीत यंत्र यायचं आहे. विकायला आलेला माणूस आबासाहेबांना सांगत होता, ह्याच्यात सगळं जग आहे, पोरं घरबसल्या सगळं शिकतील. असेलही. माझी एकच विनंती आहे. विकत घेण्याआधी कुणा आईबापाला त्याच्यासमोर बसवा आणि विचारायला लावा, माझ्या लेकराकडं बघशील का म्हणून. समजलं नाही म्हणालं तर खुशाल ठेवून घ्या. हो म्हणालं, तर आल्या पावली परत पाठवा.