अप्पा कधी थांबले

या, सतरंजी मोठी आहे, पण जरा जवळ सरकून बसा. आज एका वायरलेसवालीची गोष्ट सांगायची आहे. देवाचं नाव तिच्यात येईल, पण आडवाटेनं.

"तुटला, मॅडम," हाताखालचा धवल कानावरचा हेडफोन काढत म्हणाला. इंदुमतीबाईंनी मान हलवली. आवाज तुटलेला त्यांनीही ऐकला होता.

नोएडातली त्यांची कंपनी अग्निशमन दलासाठी वायरलेस संच बनवत होती. गोंगाटातून माणसाचा आवाज वेगळा काढणारी चाळणी बाईंनी उमेदीच्या वयात तारा गुंडाळून, डाग देऊन केली होती. आता ती संगणकातली नुसती आज्ञावली होती. गोंगाट बदलला की चाळणी बदलायची, तीही संच चालू असताना. बदलत होती, पण बदलताना आवाज क्षणभर जायचा. गुरुवारी दलाचे अधिकारी संच पाहायला येणार होते. धुरातला एक शब्द जरी हरवला तरी संच नको, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. संच नाकारला गेला तर रेडिओ विभाग बंद, आणि निवृत्तीला आलेल्या बाई खरेदी खात्यात टेंडरं चाळायला.

"फट केसाएवढी राहिलीय. कोणाला कळणार, यार?" धवल म्हणाला. मराठी घरातला, पण वाढलेला दिल्लीत.

"धुरात अडकलेल्याला," बाई म्हणाल्या.

रविवारी बाई वडिलांना, दीनानाथअप्पांना, घेऊन गाझियाबादहून करोल बागेला गेल्या. तिथं सोनं गाळणाऱ्या मराठी मंडळींचा नामसप्ताह चालू होता. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. एकाचा पहारा संपला की दुसऱ्याच्या गळ्यात जाते. अप्पांचा पहारा ठरलेला. त्यांचे हात आता थरथरत, म्हणून रिक्षात बाईंनी वीणा सोडायचा विषय काढून पाहिला होता. "द्यायची तेव्हा देईन," एवढंच ते म्हणाले होते.

पहारा सरत आला तसे गलाईवाले सूर्यकांत अप्पांच्या शेजारी येऊन उभे राहिले. वीणेला हात लावला नाही. आधी ओठांतल्या ओठांत नाम घेत राहिले, मान त्या लयीत डोलू लागली. मग आवाज निघाला, अप्पांच्या आवाजाला लागून. दोघं एकमेकांच्या पाया पडले आणि वीणेचा पट्टा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेला. क्षणभर दोघं गात होते. मग एकच गात होता. गजर होता तसाच होता.

बाई प्रसादाचा द्रोण हातात धरून तशाच बसल्या. इतके दिवस त्या फट बारीक करत होत्या.

सोमवारी त्यांनी धवलला सांगितलं, "जुनी चाळणी लगेच काढू नकोस. नवी शेजारी उभी कर. तोच आवाज तिलाही दे, पण तिला बोलू देऊ नकोस. रिकाम्या गळ्यानं बोलते म्हणून तुटतं. ती भरली की जुनीला हळू कर, तिला मोठी."

"म्हणजे दोघी एकदम गाणार?"

"क्षणभर."

गुरुवारी दलाचे मोठे साहेब हेडफोन लावून बराच वेळ ऐकत राहिले. शेवटी कंटाळून म्हणाले, "मॅडम, बदलेंगे कब?"

"बदल दिया, सर. तीन बार."

विभाग राहिला. संध्याकाळी बाईंनी बाल्कनीत बसलेल्या अप्पांना सगळं सांगितलं. समोर नव्या इमारतींचे सांगाडे उभे होते. अप्पांनी नीट ऐकून घेतलं.

"मग त्या जुनीचं काय करता?"

"पुसून टाकतो, अप्पा. पुढच्या बदलाला जागा लागते."

"बरोबर आहे," अप्पा म्हणाले आणि हात शालीत घेतले.

पुढच्या सप्ताहाला ते नव्हते. त्या पहाऱ्याला सूर्यकांत उभे होते आणि गजर भरलेला होता. मागच्या वर्षी अप्पांचा आवाज नेमका कुठल्या नामावर थांबला, हे बाईंनी चारचौघांना विचारून पाहिलं. कोणाच्याच ध्यानात नव्हतं. बाईंच्याही नव्हतं.

तेव्हा मंडळी, कधी करोल बागेकडे गेलात आणि गजर अखंड ऐकू आला, तर हात जोडताना दीनानाथअप्पांची आठवण ठेवा.