थाळ्यातला पुदिना

मी वड्या थापायचा थाळा बोलतोय. साधासुधा नव्हे बरं का, जाड स्टीलचा, उभ्या काठाचा! प्रभावतीबाईंच्या लग्नात त्यांच्या मामांनी मला साताऱ्याच्या बाजारातून आणलं आणि काठावर नाव घालून दिलं. तेव्हापासून तुपाचा हात फिरला की मी समजून जायचो, वड्या आल्या. नारळाच्या, तिळाच्या, दुधीच्या!

बाईंचा एक नेम होता. वड्या गरम असतानाच सुरीने पाडायच्या, निवल्या की भुगा होतो. कुणाची वडी मोडली की बाई एवढंच विचारायच्या, "निवू दिलीस ना?" आपलं चुकलं, असं मात्र त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

त्यांचा मुलगा संकल्प रेल्वेत. जयपूरला बदली झाली आणि लग्नही तिथेच जमलं. सून उत्कर्षा मराठीच, पण जयपूरच्याच आदर्श नगरात वाढलेली, त्यामुळे बोलताना हिंदी मध्येच डोकावायची. या संक्रांतीला बाई मला पिशवीत घालून दोघांच्या जयपुरातल्या बनी पार्कच्या घरी आल्या. सुनेचं पहिलं हळदीकुंकू होतं. रेल्वेतल्या मराठी बायका संध्याकाळी यायच्या होत्या.

दुपारी उत्कर्षाने कपाटातून दोन खोके काढले. एकात चॉकलेट केकचं तयार पीठ, दुसऱ्यात पुदिन्याच्या क्रीमचं.

"पुदिना? अगं, तो चटणीत घालतात!"

"आई, मतलब... तिळगूळ तुमचा आहेच. एक तरी चीज माझ्या हातची असू दे ना."

मला तिचं पटलं. बाई आल्यापासून पडद्यांपासून पोह्यांपर्यंत सगळं त्याच ठरवत होत्या. "कर बाई," त्या म्हणाल्या. तिचा केकचा नवा उंच डबा ओव्हनमध्ये मावेना, म्हणून माझी वर्णी लागली.

काय सांगू! जन्मभर ओट्यावर बसून गरम पाक अंगावर घेतला, पण असं चहूबाजूंनी मला कुणी भाजलं नव्हतं. बाहेर आलो तर अंगावर मऊ काळा थर. तो निवल्यावर उत्कर्षाने हिरवं क्रीम पसरलं आणि वर वितळवलेलं चॉकलेट ओतलं. "थोडी वाफ जाऊ दे, मग फ्रिजमध्ये," असं स्वतःशीच म्हणत ती साडी नेसायला गेली.

तेवढ्यात बाई आल्या. "पोरगी वड्या पाडायची विसरली वाटतं," म्हणाल्या आणि सुरीला तूप लावलं.

मी ओरडलो असतो हो! पण थाळ्याला तोंड कुठलं? सुरी फिरली तसं चॉकलेट खाली घुसलं, हिरवं वर आलं. बाईंनी घाबरून आणखी दोन रेघा मारल्या. तिन्ही थरांचा चिखल झाला.

उत्कर्षा आली, माझ्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटलं. इतक्यात दाराची बेल वाजली, बायका आल्या.

बाईंनी वाट्या मांडल्या आणि चमच्याने तो चिखल वाढला. हळदीकुंकू झालं, वाट्या फिरल्या. शेजारच्या शालनताईंनी चमचा तोंडात घातला. "अगंबाई, हे काय केलंस उत्कर्षा?"

"ते थोडं बिघडलं," ती खाली मान घालून म्हणाली.

"बिघडलं नाही, मी बिघडवलं," बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. "हिचे थर सुरेख लागले होते. मीच न विचारता सुरी घातली. चुकलं माझं."

मग शालनताईंनी वाटी पुढे केली. "बिघडलेलं अजून आहे का?"

मंडळी, आता मी मोरीत भिजतोय. कृपा करून काथ्याने घासू नका, मऊ फडकं घ्या. पलीकडे दोघी वाट्या पुसतायत. "उद्या परत कर," बाई म्हणतायत, "मी लांबच बसते."

"नाही आई. गार झालं की मी हाक मारीन. वड्या तुम्हीच पाडा."

म्हणजे उद्या पुन्हा ओव्हन! चला, निरोप घेतो. खरं सांगू? माझी आनंदाने तयारी आहे.